भिरंडआक्का आणि बशीतल्या पेशी

नव्या बियाण्याचं, नव्या डॉक्टरचं, नव्या जावयाचं कुणी कौतुक करू लागलं, की माझी थोरली मावशी शांतपणे विचारायची, "ते झालं. वाईट काय हाय त्यात?" समोरच्याचा उत्साह तिथंच मावळायचा. आमच्या बाजारकुणंग गावात सगळे तिला भिरंडआक्का म्हणत. उन्हाळ्यात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून तिचे हात मनगटापर्यंत लाल असायचे. त्यांच्या साली वाळवून केलेली सोलं विकून तिनं मला शिकवलं.

पुढे संशोधनाला मी तोच विषय घेतला. भिरंडाच्या सालीत गार्सिनॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. ते जठराच्या कॅन्सरच्या पेशींवर काय परिणाम करतं, हे बघायचं होतं. काचेच्या बशीतल्या त्या पेशी पहिल्यांदा मेलेल्या दिसल्या, तेव्हा मी लगेच तिला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "बरं झालं. आणि चांगल्या पेशींचं काय झालं?"

ती चाचणी माझ्या यादीत शेवटी होती. मी ती आधी केली. मात्रा वाढवली की चांगल्या पेशीही मरत होत्या. तिला फोनवर हे सांगताना मला रडू आलं.

"रडतीस कशाला? खरं कळलं न्हवं?" एवढंच ती बोलली.

मग कित्येक महिने मी मात्रा उतरवत गेले. कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावते आणि चांगल्या तगतात, असं एक छोटंसं प्रमाण शेवटी सापडलं.

गावात मात्र बातमी पोचली, की आक्काच्या भाचीनं कॅन्सरवर औषध शोधलं. शेजारच्या गणूमामांना जठराचा कॅन्सर निघाला होता आणि बेळगावच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. ते पिशवी घेऊनच आले. "आक्का, सोलं दे. कापाकापी नको मला."

भाचीचा एवढा मान कुणाला नको असतो? पण ती म्हणाली, "आमटीला पायजे तर ने. कॅन्सरला म्हणून एक साल देणार न्हाई. तिच्या पेशी बशीत मेल्यात, गणू. तुझं पोट बशी न्हवं."

गणूमामा रागावून गेले. हिला स्वतःच्या भाचीवरच भरवसा नाही, असं लोक बोलू लागले. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली, त्यांना घेऊन कॅसलरॉकच्या स्टेशनावर गेली आणि बेळगावची गाडी धरली. ऑपरेशन होईपर्यंत ती दवाखान्याच्या व्हरांड्यातच राहिली.

माझ्या प्रबंधात आभाराचं पहिलं नाव तिचं आहे. "या कुठल्या प्रयोगशाळेत असतात?" परीक्षकांनी विचारलं. "बाजारकुणंगला," मी सांगितलं. तेवढ्या ताठ मानेनं मी दुसरं कुठलंच उत्तर दिलं नव्हतं.

गेल्या वर्षी आक्का गेली. गणूमामांचं जठर आता निम्मंच आहे. थोडं थोडं खातात, वजन उचलायला मनाई आहे. तिरडी उचलताना लोकांनी त्यांना मागं ओढलं. "सरा," ते म्हणाले, आणि पहिला खांदा त्यांनीच दिला.