आठ कांदे, आठ ज्येष्ठ आणि श्रीलंका

आमच्या घरी हल्ली पाहुणा आला की चहाच्या आधी श्रीलंका येते. एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने "असं नाई झालं बाप्पा!" म्हणून तोडायचं आणि तिसऱ्याने मध्येच एक हत्ती घुसवायचा. हत्ती आम्ही पाहिलाच नव्हता! पण किस्से इडलीच्या पिठासारखे असतात, झाकण ठेवलं तरी वर येतात. म्हणून हत्ती आणखी फुगायच्या आत मी खरं खरं सांगून टाकते.

मी प्रज्ञा. एम.कॉम. झाले आणि अमरावतीत घराच्याच पुढच्या खोलीत सहली काढायचा धंदा सुरू केला. दारावर छानसा बोर्डसुद्धा लावला. बाबा सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. धंदा म्हणजे सरकारी नोकरी न लागलेल्यांचा आजार, असं त्यांचं प्रामाणिक मत. माझी पहिली परदेशी सहल ठरली. श्रीलंका. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, लेणी, कँडी. प्रवासी कोण? नात्यातले आणि कॉलनीतले आठ ज्येष्ठ!

बाबांनी अट घातली, "आठ घेऊन चाल्ली, आठ धडधाकट आनशील. एकाचंबी पाऊल दवाखान्यात पडलं, का बोर्ड उतरवायचा अन् स्पर्धा परीक्षेच्या क्लासले बसायचं."

"मंजूर!" मी म्हटलं.

मग कळलं, त्या आठातले एक स्वतः बाबाच होते. पंच म्हणून! आई मात्र आली नाही. "इतक्या म्हाताऱ्यांत मी काय करू?" म्हणाली. ती त्यांच्याच वयाची आहे.

* * *

निघायच्या आधी मी आमच्या हॉलमध्ये मीटिंग घेतली. बाटलीबंद नाहीतर उकळलेलं पाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्या, डासांचं मलम, गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत, विमा. सगळे माना डोलवत होते. मला बरं वाटलं. नंतर कळलं, माझ्या मागे टीव्ही म्यूटवर चालू होता आणि मॅच रंगली होती.

अकोल्याचे मामा तेवढे ऐकत होते. ते हसले.

"पोरी, आमी खारपाणपट्ट्यातले. आमच्या गावच्या विहिरीचं खारट पानी गाईनं तोंडात घेतलं तं गाय आमच्याकडे पाहे, 'तुमी हे पेता?' म्हणून. ते पेऊन मोठे झालो. मले श्रीलंकेचं पानी काय करते?"

"मामा, तिथले जंतू वेगळे असतात."

"मंग त्यायले सांगजो, अकोल्याचं पोट आहे."

* * *

नागपूर विमानतळ. सिक्युरिटीचा ट्रे. शेजारच्या वानखडे काकूंनी पर्समधून हळूच एक कांदा काढून ट्रेमध्ये ठेवला. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे माणूस उन्हाळ्यात कांदा खिशात टाकूनच बाहेर पडतो, ते ठीक. पण काकूंच्या मागे कॉलनीतल्या डोंगरे काकांनी पँटच्या खिशातून कांदा काढला. त्यांच्या मागे मामांनी. मग बाबांनीसुद्धा! आठ ट्रे, आठ कांदे, ओळीने मशीनमध्ये चालले.

पडद्यासमोरचा जवान उठून उभा राहिला. "ये सब क्या है?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "मेडिकल."

मी तर त्या आठांना ओळखतच नाही, अशी उभी होते. तेवढ्यात काकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "डॉक्टरची चिठ्ठी इच्यापाशी आहे."

* * *

कोलंबोला आमच्या मिनीबसच्या ड्रायव्हरचं नाव निघालं सुनील. झालं! वऱ्हाडात सुनील म्हणजे घरचा माणूस. गोरा, किडकिडा, सिंहली आणि इंग्रजी बोलणारा हा सुनील आमच्यातला नाही, हे कुणाला पटेचना. सगळे त्याच्याशी सरळ वऱ्हाडीत बोलायचे. "सुनीलभाऊ, चा कुठी भेटन?" आणि तो खरंच चहाच्या टपरीशी गाडी थांबवायचा!

एकच गोष्ट मला छळत होती. सीटबेल्ट. मी विनवलं, ओरडले, अपघाताची भीती घातली. डोंगरे काका म्हणाले, "बेल्ट फक्त समोरच्यायले राह्यते. मागच्यायले देव."

"तुम्ही तर देव मानत नाही, काका."

"म्हणून तं मी खिडकी धरून बसतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनीलने गाडी सुरू केली, आरशात पाहिलं, पुन्हा बंद केली. मागे वळला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बेल्ट लावा ना बे!"

आठही बेल्ट एका दमात खट्कन लागले. मामांनी तर आनंदाने टाळीच वाजवली. "पाहा! म्हनलं होतं ना, आपलाच पोट्टा आहे!"

* * *

गोळ्यांचं मी बजावून बजावून सांगितलं होतं, पाकिटातच ठेवा. वानखडे काकूंना पाकिटं म्हणजे जागेची नासाडी. त्यांनी सगळ्या गोळ्या सोलून एका स्टीलच्या डबीत भरल्या. पांढऱ्या सकाळच्या, गुलाबी झोपतानाच्या. वर जागा उरली म्हणून त्यात साखरेची रंगीत बडीशेप.

दुपारी जेवण झाल्यावर काकूंनी सवयीने डबी बसमध्ये फिरवली. डोंगरे काकांनी चिमूटभर घेऊन हात तोंडाशी नेला. मी बसमध्ये जेवढी उडी मारता येते तेवढी मारली आणि त्यांचा हात धरला.

"काकू! यात गोळ्या आहेत!"

"अवो, थोड्याच आहेत. बाकी बडीशेपच आहे."

काकांनी तळहात उजेडात धरून बघितला. बडीशेपेत एक पांढरी गोळी होती. त्यांनी ती कौतुकाने फिरवून पाहिली. "ही बीपीची दिसते. माह्यावाली तं लय कडू आहे. ही कशी आहे वो, वहिनी?"

बाबा मागच्या सीटवरून अगदी गोड आवाजात म्हणाले, "न्यायचं का कोनाले दवाखान्यात?"

"नाही न्यायचं!" मी ओरडले. त्या दिवसापासून डबी माझ्या मांडीवर आणि प्रत्येकाची गोळी माझ्या हातून. बडीशेपसुद्धा.

* * *

आता अकोल्याचं पोट. अनुराधपूरला सकाळी मामा खोलीतून बाहेरच येईनात. दार ढकललं तर गादीवर चादरीची घडी होऊन पडलेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी नळाला तोंड लावून "चव पाहिली" होती.

"मामा, मी काय सांगितलं होतं?"

"पोटाले समजलंच नाई ना बाप्पा, का आपन अकोल्याचे आहो म्हणून."

बाबा दारात हजर. हाताची घडी. "न्यायचं का?"

मला धडकी भरली होती, खोटं कशाला बोलू? बोर्डाची नंतर, आधी मामांची. ताप नव्हता, लघवी होत होती, डोकं ठिकाणावर होतं. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर सरळ न्यायचं, मी ठरवून टाकलं. उकळलेल्या पाण्यात ओआरएसची पुडी मिसळली आणि घोट घोट पाजायला बसले. मामांनी पहिला घोट नाक धरून घेतला. मग नाक सोडलं. दुसरा घेतला. डोळे मोठे झाले.

"अवो हे तं आमच्या गावच्या विहिरीचं पानी आहे!"

दुपारपर्यंत मामा मऊ भात खाऊन उठून बसले. परत आल्यावर त्यांनी गावभर सांगितलं की आपल्या विहिरीचं पाणी श्रीलंकेत पुडीतून विकतात.

* * *

आणि आता शेवटून दुसरा दिवस. लेण्यांच्या पायऱ्या. पायऱ्यांवर माकडं, माकडांच्या वर पाटी, खाऊ घालू नका. मी पुढे काकूंचा हात धरून चढत होते. बाबा आणि डोंगरे काका मागे.

खाली उतरून आम्ही जेवायला बसलो. भात, डाळ, नारळाची चटणी. मी सहज समोर पाहिलं आणि माझा घास हातातच राहिला.

बाबा चमच्याने जेवत होते!

माझे बाबा लग्नाच्या बुफेतसुद्धा चमचा बाजूला ठेवून बोटांनी भात कालवतात. आणि आज डाव्या हातात चमचा, उजवा हात टेबलाखाली.

"बाबा, हात दाखवा."

"जेव तू."

"हात!"

रुमाल गुंडाळलेलं बोट वर आलं. रुमालावर रक्त. शेवटी डोंगरे काकाच फुटले. आईने दिलेली शंकरपाळी बाबांच्या खिशात होती. एक माकड शेजारी येऊन बसलं. बाबांनी एक दिली. माकडाने खाल्ली. दुसरी दिली, खाल्ली. तिसऱ्या वेळी माकडाचं पोट भरलं असावं, त्यानं तोंड फिरवलं.

"मंग?" मामांनी विचारलं.

"मंग काय! या प्रज्ञाच्या बाबांनी आग्रह केला. 'घे ना बाप्पा, एकानं काय होते?' म्हणून तोंडाशीच नेली."

कुणी हसलं नाही. म्हणजे त्या वेळी नाही.

"बाबा, दोन तास झाले! माकड चावलंय! रेबीज कळतं का तुम्हाला? काहून नाही सांगितलं?"

बाबा भाताकडे बघत होते. "एकच दिवस उरला होता ना. बोर्डाचं काय मंग?"

"चुलीत गेला बोर्ड!" मी इतक्या जोरात ओरडले की आतून आचारी बाहेर आला.

बोट साबण लावून वाहत्या नळाखाली धरलं, चांगलं पंधरा मिनिटं. बाबा एकदाही 'पुरे' म्हणाले नाहीत. मग सुनीलने गाडी काढली. कुणी न सांगता सगळ्यांनी बेल्ट लावले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जखम पाहिली आणि इंग्रजीत विचारलं, माकडाला चिडवलं होतं का?

बाबांना ते फार लागलं. ताठ बसून म्हणाले, "नो मॅडम! आय रिक्वेस्टेड!"

* * *

पहिली सुई तिथे झाली, उरलेल्या घरी घ्यायच्या होत्या. अमरावतीत मी बाबांना स्कूटीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. परतल्यापासून बोर्डाबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते आणि मीही विचारलं नव्हतं. बोर्ड दारावर होता, पण उद्या असेल का, कुणास ठाऊक.

रांग कुत्रा चावलेल्यांची. पुढच्या माणसाने वळून विचारलं, "कुत्रं?"

"माकड," बाबा म्हणाले.

"कोठचं? मेळघाटातलं?"

बाबांनी गळा साफ केला. "श्रीलंकेचं."

अख्खी रांग वळली. कुणी म्हणालं, "फॉरेनचं!" कुणी म्हणालं, "खर्च लय आला असन नाई?" एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "इतक्या दूर नेलं कोनं तुमाले?"

बाबांनी डाव्या हाताने शर्टाच्या खिशातून कार्डांचा गठ्ठा काढला. माझी कार्डं! ती माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतात. एक त्या बाईला दिलं, एक पुढच्या माणसाला, मग मागे वळून वाटतच सुटले.

"माही पोट्टी नेते."

"नीट नेते का पन?"

"हाव तं! आठ नेले, आठ धडधाकट आनले," बाबा म्हणाले आणि सुईसाठी बाही वर केली.