शिट्टी सिस्टर आणि दोनचा भोंगा

शिट्टी सिस्टरांनी शिट्टी फुंकली की तिकडे कुम्हारीच्या म्हशी पान्हा चोरायच्या आणि दुर्गला उभी असलेली मालगाडी गार्डला न विचारता निघायची. यातलं निम्मं तुम्ही वजा करा, माझी हरकत नाही. उरलेलं निम्मं भिलाईतल्या त्या वेळच्या कुणालाही विचारा. पांढरा झगा, कमरेला जपमाळ आणि गळ्यात क्रूसाला खेटून ती पितळी शिट्टी. खरं नाव काय होतं, ते बहुधा फक्त देवाला आणि मदर सुपीरियरना ठाऊक.

त्या मंगळूरकडच्या. आम्हा मराठी पोरांशी मराठीतच बोलायच्या, पण त्या मराठीत कोकणीचा नारळ सढळ हाताने पडलेला असायचा. खेळाच्या तासाला त्यांचं एकच म्हणणं, "सोडू नाका!" रांग सोडू नाका, बॅटन सोडू नाका. तीन पायांच्या शर्यतीत मी जोडीदारासकट तोंडावर आपटलो, नाकातून रक्त आलं, तरी वरून आवाज आला, "पाय सोडू नाका!" सोडतो कसला, बांधलेलाच होता!

कारखाना तेव्हा अजून बांधून होत होता, पण त्याच्या भोंग्याने गावावर राज्य सुरू केलं होतं. बायका भोंग्यावर भात उतरवायच्या, माणसं भोंग्यावर उठायची. सिस्टर रोज दोनच्या भोंग्याला मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी धरून काटे सरकवत आणि मगच शाळेची घंटा द्यायला सांगत. ही सवय ध्यानात ठेवा.

शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या कंत्राटी मजुरांच्या मुलांना शिकवायच्या. थंडी पडली की ही मुलं येईनाशी व्हायची. घरात पांघरूण एकच. ते लपेटून एक जण शाळेत आला तर मागे धाकटी भावंडं उघडी. आदल्या हिवाळ्यात शेड पार रिकामी पडली होती आणि ते सिस्टरांना फार लागलं होतं. म्हणून त्या वर्षी त्यांनी शाळेच्या खेळांत पालकांची रस्सीखेच ठेवली. कारखान्यातले भट्टीवाले विरुद्ध तिथलेच रेल्वे-यार्डवाले. जो संघ दोरी सोडेल, त्यातल्या प्रत्येकाने एक ब्लँकेट द्यायचं.

यार्डवाल्यांच्या शेवटच्या टोकाला आमचे बाबा. नागपूरकडचे, इंजिनं शंटिंग करणारे, देह असा की इंजिनानेच त्यांना बाजू द्यावी. समोर भट्टीवाल्यांचे सरदारजी, त्यांच्याहून रुंद. सगळे दुपारी दोनच्या पाळीचे, सायकली कुंपणाला टेकवून आलेले. सिस्टरांनी आधी प्रार्थना घेतली, मग दोरी तपासली, मग बूट काढायला लावले, मग दोरी परत तपासली. एकदाची शिट्टी झाली. काय ती ओढाओढ! जमीन पलीकडच्या रसमडा गावाकडे वीतभर सरकली असेल, पण दोरीची मधली गाठ जागची हलेना.

आणि दोनचा भोंगा झाला.

दोन्हीकडच्या गड्यांनी एकाच क्षणी दोरी टाकली आणि बूट हातात घेऊन सायकलींकडे धूम ठोकली. विचार कुणी केलाच नाही. भोंगा झाला की पाय चालायचे, डोकं मागून यायचं. तेवढ्यात सिस्टरांची शिट्टी कडाडली आणि सगळे एक पाय पेडलवर ठेवून थिजले.

"दोरी कोणी सोडली?"

"सिस्टर, भोंगा झाला ना!" बाबा ओरडले. "हाजरी जाईन आमची!"

"भोंगा मी पण ऐकला. दोरी कोणी सोडली?"

"पहले यार्डवालों ने!" सरदारजी म्हणाले.

"काऊन खोटं बोलून राहिले, सरदारजी? तुमचे हात तर हवेत होते!"

"दोघांनी सोडली. दोघं हरले," सिस्टर म्हणाल्या.

"मंग जिंकलं कोन?"

सिस्टरांनी मागे बोट दाखवलं. शेडमधली पोरं केव्हाची मैदानात उतरली होती. दोरी त्यांच्या हातात होती आणि फुलमती नावाची एक काडीएवढी मुलगी दात-ओठ खाऊन टोक ओढत होती. सरदारजी आधी हसले. मग बाबाही. नंतर सगळे बूट न घालताच पाळीवर गेले.

रोज भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या सिस्टरांना त्या दिवशी वेळेचं भान राहिलं नाही, असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू द्यावं. त्या हिवाळ्यात शेड भरलेली राहिली. सरदारजी तर दोन ब्लँकेटं देऊन गेले, कारण म्हणे त्यांच्या एकट्याच्या पापाला एक पुरलं नसतं.

पुढे सिस्टरांची बदली झाली. त्या मे महिन्यात दुर्गच्या फलाटावर एवढं ऊन, की रूळ वितळून चहाच्या टपरीपर्यंत आले होते. आम्ही निरोपाला उभे, तोच शेडमधली सगळी पोरं ब्लँकेटं लपेटून, घामाने निथळत आली.

"अरे, वेडी का काय तुम्ही! ह्या गर्मीत?" सिस्टर डब्याच्या खिडकीतून ओरडल्या.

फुलमतीने ब्लँकेट आणखी घट्ट ओढलं आणि आपल्या छत्तीसगढीत म्हणाली, "हमन छोड़े नइ हन, सिस्टर."

गार्डने शिट्टी दिली. सिस्टरांनीही आपली ओठांना लावली, पण फुंक काही निघेना. गाडी हलली तरी त्या तशाच खिडकीत.

कुम्हारीच्या म्हशींनी त्या दिवशी निमूट दूध दिलं असणार.