नाटकाकडे पाठ

नाटकाकडे पाठ करून नाटक बघणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामासासरा म्हणून आला. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत ते मला नंदुरबारच्या हौशी मंडळाचं नाटक दाखवायला घेऊन गेले. पहिल्या रांगेत बसले, आणि पडदा वर गेल्याबरोबर उठून त्यांनी आपली खुर्ची सरळ उलटी फिरवली. मंचाकडे पाठ, लोकांकडे तोंड. मी घाबरून बायकोकडे बघितलं. "मामा असंच बघतात," ती म्हणाली आणि शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात दिली.

मामांचा धंदा मिरचीचा. गावाबाहेर त्यांची पथारी आहे, म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोठं मोकळं आवार. हंगामात तिथे पाऊल टाकलं की शिंकून शिंकून जीव नकोसा होतो. त्या खकाण्यात बसून हा माणूस जगभरच्या शोकांतिका वाचतो. त्यांच्याकडून एकदा एक पुस्तक वाचायला नेलं, तर दुसऱ्याच पानावर माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मामा म्हणाले, "ती करुणा नव्हे जावईबापू, पानाला लागलेलं तिखट तुमच्या डोळ्यांत गेलं." अश्रूंवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पथारीवर माणसं अख्खा हंगाम रडतात, म्हणून काय तिथे शोकांतिका चाललेली असते, असा त्यांचा बिनतोड सवाल.

मग शोकांतिका ओळखायची कशी? तर पायांवरून. भय माणसाला मागं ओढतं, कारण समोरच्याचं जे झालं ते उद्या आपलंही होईल. करुणा पुढं ढकलते, कारण त्या बिचाऱ्याच्या वाट्याला हे यायला नको होतं. दोन्ही एकदम झालं की पाय खुर्चीखाली जातात, परत बाहेर येतात, आणि माणूस जागच्या जागी अडकतो. चेहरा नाटक करतो, पाय करत नाहीत, म्हणून मामा तीन-तीन तास लोकांचे पाय बघत बसत. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी यावरून एकदा चांगलाच गोंधळ घातला. तेव्हापासून मामीही शेजारी खुर्ची उलटी करून बसायला लागली, आणि मामा नक्की कोणाचे पाय बघतात ते बघायला लागली.

मंडळाचे कायमचे नायक म्हणजे मामांचे बालमित्र, शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर. मंचावर मरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. विषानं, तलवारीनं, नुसत्या पश्चात्तापानंसुद्धा ते मरत. आणि जिवलग मित्र पहिल्या रांगेत, पाठ करून! "तुन्ही पाठ मी इतली देखी शे, का अंधारमा बी वळखी लिसू," मास्तर म्हणायचे. म्हणायचे हसत, पण ते त्यांना लागलेलं होतं हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

एकदा मंडळ बाजाराच्या दिवशी वर सातपुड्यात मोलगीला प्रयोग करायला गेलं. मामांबरोबर मीही होतो. मास्तरांनी विषाचा पेला ओठाला लावला, तोच पुढं बसलेली एक म्हातारी उठली, मंचावर चढली, आणि पेला हिसकावून तिनं ओतून टाकला. वर आपल्या बोलीत आम्हा सगळ्यांना बराच वेळ झापलं. तिथल्या गुरुजींनी अर्थ सांगितला, "ती म्हणते, इतकी माणसं बसलीत, एकालाही उठावंसं वाटलं नाही?" नाटक तिथेच संपलं. नायक मरायला तयार होता, पण म्हातारी मरू देईना. परतीच्या जीपमध्ये सगळे पोट धरून हसत होते. घाट उतरल्यावर मामा मात्र म्हणाले, "तिचंच बरोबर आहे. आपण शिकलो, म्हणून बसून राहतो."

गेल्या वर्षी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. दुसरा झटका आला तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. मामा आले का म्हणून मास्तर रोज विचारत, "तो वना का?" आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणारे मामा काही जाईनात. आज माल आलाय, आज आभाळ आलंय, आज गुडघा धरलाय. असे दोन महिने गेले. शेवटी मी चिडून बोललो, "मामा, मोलगीची म्हातारी उठली. तुम्ही कधी उठणार?" बोललो आणि जीभ चावली. मामांनी वाळत्या मिरचीकडे तोंड फिरवलं. मग पुस्तकी मराठी सुटून ते घरच्या बोलीवर आले. "जवाईबापू, नाटकमा मरस तो राजा ऱ्हास. हाऊ मन्हा जोडीदार शे. आम्ही एकच वरीसना शेतस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना स्कूटरवर बसवून नेलंच. उंबऱ्याशी एक चप्पल निघाली, दुसरी निघेना. मास्तरांच्या बायकोनं "या ना भाऊ" म्हटलं तेव्हा कसेबसे आत आले, भिंतीकडची खुर्ची ओढली, आणि खाटेकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसले. कोणीही हसलं नाही. त्यांचे दोन्ही पाय खुर्चीखाली गेले होते.

मागून मास्तरांचा आवाज आला, एकेक शब्द कष्टानं उचलत. "जलमभर... मी मरत ऱ्हायनू... तू लोकेस्ना पाय देखत ऱ्हायना. आते तरी... मन्हाकडे देख ना रे."

फरशीवर खुर्ची करकरली. मामांनी ती फिरवली, त्या वाकड्या झालेल्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि लुळा पडलेला हात आपल्या हातात घेतला. मास्तरांनी विचारलं, "कशी शे ॲक्टिंग?"

"जरा जास्तीच व्हई ऱ्हायनी," मामा म्हणाले, आणि मग दोघंही रडले. आसपास मिरची कुठेही नव्हती.

त्यानंतर मामा रोज दुपारी जात. मास्तर चार महिने राहिले. गेले तेव्हा मामा समोरच बसलेले होते.

यंदा मंडळानं पुन्हा नाटक केलं. पडदा वर गेला तशी मामी सवयीनं खुर्ची फिरवायला उठली, तर मामांनी तिला हातानंच थांबवलं. ते मंचाकडे बघत होते. नायक नवखा होता, मरणं त्याला अजून जमत नव्हतं. त्यानं पेला उचलला तेव्हा मी खाली पाहिलं. मामांचे पाय चपलांतून बाहेर आले होते, पुढं सरकले होते, आणि दोन्ही टाचा उचललेल्या होत्या. पुढं नाटकात काय झालं ते मला विचारू नका; मी शेवटपर्यंत त्या पायांकडेच बघत होतो.