हजेरीबाईंनी स्वतःच सोडलेली बस

सीमेवरच्या तपासणी इमारतीतून बाहेर पडलं की समोरच माझं कँटीन. माणसं पासपोर्टवर शिक्का घेऊन या देशात येतात, चहा पितात आणि पुन्हा बसमध्ये चढतात. चहाला नावं ठेवतात, पण पितात.

हजेरीबाईंची माझी ओळख इथलीच. सीमेपलीकडून येणाऱ्या बसवर त्या कंडक्टर. शिक्के घेऊन माणसं परत चढायला लागली की दाराशी उभ्या राहून डोकी मोजायच्या आणि सगळी भरली की पत्र्यावर दोनदा हात आपटायच्या. ड्रायव्हर मागे न बघता गाडी काढायचा, आणि बाई चालत्या गाडीत मागच्या दारातून चढायच्या. आपल्या हातून सीमेवर एकही माणूस राहिला नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं, की वीट आला.

राहिली ती त्यांची मुलगी. पुढच्या शहरात तिचं सासर. बस तिथे जेमतेम थांबायची. मुलगी स्टँडवर यायची, तर बाई बाकावर बसायच्या त्या बसकडे तोंड करून. "हं, बोल, ऐकतेय," म्हणायच्या आणि नजर दारावर. एकदा पोरीचा पारा चढला. "मी बोलतेय आणि तू डोकी मोजतेस! आता मी स्टँडवर येणार नाही. भेटायचं तर घरी ये." आणि खरंच यायची बंद झाली.

"रिटायर होऊ दे, मग जाते निवांत," बाई म्हणायच्या.

"तोवर पोरगी म्हातारी होईल," मी म्हणायचे.

झाल्या एकदाच्या रिटायर. फोन केला. मुलगी एवढंच म्हणाली, "घ्यायला येते. पण शेवटचं हं, आई."

परवा बाई पहिल्यांदाच प्रवासी म्हणून आल्या. नव्या चपला चावत होत्या, तरी खुशीत होत्या. चहा पिऊन बसपाशी गेल्या. नवा कंडक्टर आत कुणाच्या तरी बॅगेशी झटत होता. झालं! बाई सवयीने दाराशी उभ्या राहिल्या. एकेकाला मोजून आत सोडलं, एका आजोबांना हात दिला आणि दोनदा पत्रा वाजवला. ड्रायव्हर त्यांचा जुनाच. त्याने गाडी काढली. बाई मागच्या दाराकडे धावल्या, तर नव्या गाडीला मागचं दारच नाही!

मी गल्ल्यावरून ओरडले, पण कुठलं काय. बॅग गाडीत, बंद पडलेला फोन सीटपाशी चार्जिंगला, आणि मुलीचा नंबर पाठ नाही. कपाळ माझं! बाई येऊन खुर्चीत बसल्या. "ती म्हणेल, आई या वेळीही आली नाही," एवढंच बोलल्या. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

ड्रायव्हरचा नंबर माझ्याकडे होता. गाडी चालवताना तो फोन घेत नाही. त्या शहरात पोचल्यावर घेतला.

"मुलगी आली होती का?" मी विचारलं.

"आली होती. रिकामी सीट बघून तिचा चेहराच उतरला. मी म्हटलं, अहो, पत्रा तर त्यांनीच वाजवला होता! मग बॅग आणि फोन घेऊन गेली."

मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. जेवायला दिलं, ते तसंच राहिलं.

उन्हं उतरताना एक गाडी येऊन थांबली. मुलगी आत आली. बाई धडपडत उठल्या. "अगं, मी निघाले होते, खरंच..."

"कळलं मला. स्वतःला सोडून गाडी पाठवणारी दुसरी कोण असणार!" मुलीचे डोळे लाल होते. ती समोर बसली.

बाहेर दुसरी एक बस भरत होती. बाईंची नजर तिकडे गेलीच. मुलगी उठली आणि आईची खुर्ची धरून फिरवली, पाठ दाराकडे.

"तुझी बस गेली, आई."

"हो गं. तू बोल."

मुलगी बोलायला लागली. मागे कुणीतरी दोनदा पत्रा वाजवला. बाईंनी वळून बघितलं नाही.