घाडीकाकांच्या टपाचा पिवळा

घाटकोपर स्टेशनबाहेर रिक्षा मोजता येणार नाहीत इतक्या, पण काळ्या-पिवळ्या टॅक्सी सातच. त्यांतली एक सहदेव घाडींची. घाडी मूळचे कणकवलीकडचे, राहायला भांडुपला, वय साठीच्या जवळ. एकतीस वर्षं टॅक्सी चालवताना आपण एकही नियम मोडलेला नाही, असं ते सांगत, आणि कुणी न विचारता सांगत. टॅक्सीचा रंग कोणता, दारावर काय लिहायचं, केवढ्या अक्षरांत लिहायचं, काचेवर काय चिकटवायचं नाही, याचे सगळे कागद त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या फाइलीत होते. गिऱ्हाईक नसलं की खिशातली सहा इंची पट्टी काढून ते दुसऱ्यांच्या दारावरची अक्षरं मोजत. स्टँडवर सगळे त्यांना 'कलमकाका' म्हणत. त्यात टोमणा आहे हे घाडींच्या कधी लक्षात आलं नाही. ते खूशच होते.

त्यांचा खास राग होता प्रीतमवर. प्रीतम चाळिशीतला, गप्पिष्ट ड्रायव्हर. त्याने टॅक्सीच्या मागच्या काचेवर एक हिरवा पोपट चिकटवला होता. हा पोपट नियमात बसत नाही, हे घाडींनी त्याला तीनदा तोंडी आणि एकदा लेखी कळवलं होतं. लेखी कळवलेल्या कागदावर प्रीतमने भजी खाल्ली.

टॅक्सी पासिंगला न्यायची वेळ आली की घाडी ती आधी हर्बर्ट मिस्किटाकडे रंगवायला देत. हर्बर्ट भांडुप गावठाणातला जुना पेंटर. दुकानातला तयार पिवळा तो कधी वापरत नसे. डब्यात दोन-तीन रंग ओतून, काठीने ढवळून, स्वतःच्या नजरेला पटेल तोच पिवळा लावायचा, असा त्याचा खाक्या. यंदा मात्र त्या नजरेतच गडबड होती. हर्बर्टच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

टॅक्सी ताब्यात घेताना घाडींनी पट्टी काढली, चारही दारं तपासली, अक्षरं मिलिमीटरपर्यंत बरोबर निघाली. समाधानाने ते घरी आले. वर टपाकडे बघायचं त्यांना सुचलंच नाही. सकाळी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांच्या बायकोने, सुगंधाने, खाली पाहिलं आणि विचारलं, "अवो, टपार साय कोणी घातल्यान?"

घाडी म्हणाले, उन्हामुळे तसं दिसतंय. हर्बर्टचा पिवळा चुकेल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

परिवहन कार्यालयाच्या मैदानात तपासणीला शीतल नावाच्या इन्स्पेक्टर मॅडम होत्या. त्यांनी मीटर पाहिला, दिवे पाहिले, दारं पाहिली, मग मान वर केली आणि म्हणाल्या की टप पिवळा हवा, हा क्रीम आहे. घाडींनी फाइल उघडली. नियमात 'पिवळा' एवढंच लिहिलंय, कोणता पिवळा ते लिहिलेलं नाही, तेव्हा हा पिवळा नाही हे कागदावर दाखवा, असं त्यांनी अदबीने सुचवलं. मॅडमनी शिपायाला हाक मारून हा रंग कोणता ते विचारलं. शिपाई म्हणाला, श्रीखंड. चहावाल्याला विचारलं, तो म्हणाला, लोणी. रांगेतला एक टेम्पोवाला न विचारताच पुढे आला, टपावरून बोट फिरवून म्हणाला, आमच्या दवाखान्याच्या भिंतींना हाच आहे. घाडींनी स्वतःच्या बाजूने एक तरी साक्षीदार मिळतो का म्हणून रांगभर नजर फिरवली. सगळे आभाळाकडे बघायला लागले.

"काका," मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच खरं सांगा, हा पिवळा आहे?"

घाडींनी टपाकडे पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. आठ दिवसांची मुदत घेऊन ते निघाले.

परत येताना चेंबूरच्या सिग्नलला एका बाईंनी गाडी थांबवून, ही नवरीच्या पाठवणीला मिळेल का, अशी चौकशी केली. स्टँडवर तर संध्याकाळपर्यंत 'कलमकाका'चं 'मलईकाका' झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ते तावातावाने गावठाणात गेले. हर्बर्ट पडवीत काळा चष्मा लावून बसला होता. त्याची बायको कॉन्सेप्टा हिने त्याला ओढत नेऊन दोनच दिवसांपूर्वी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं होतं. घाडींनी त्याला टॅक्सीसमोर उभं केलं. हर्बर्टने चष्मा वर करून डावा डोळा मिटला आणि विचारलं, "ही कुणी रंगवली रे?"

"तू."

मग त्याने उजवा मिटून डाव्याने पाहिलं. म्हणाला, "आता बघ, पिवळी आहे ना?" असं त्याने पाच-सहा वेळा केलं. शेवटी उलगडा झाला. मोतीबिंदूमुळे त्याला सगळं जगच पिवळट दिसत होतं, म्हणून डब्यात थोडा पिवळा घातला तरी त्याला तो पुरेसा वाटला. त्या वर्षभरात त्याने रंगवलेल्या गाड्या त्याला एकेक आठवत होत्या. चिडून आलेले घाडी मग त्याचीच समजूत घालत राहिले.

आता नवा रंग कालवायचा कुणी? हर्बर्टला डॉक्टरांनी ब्रशला हात लावायला मनाई केली होती आणि त्याचे दोन डोळे एकमेकांशी सहमत नव्हते. सुगंधा म्हणाली, नमुन्याला पास झालेली गाडी शेजारी उभी करा. गेल्याच आठवड्यात पास झालेली गाडी एकच होती, प्रीतमची. पासिंगपुरता पोपट काढून त्याने तो नंतर पुन्हा चिकटवला होता. गाडी आणायला तो तयार होता, पण पोपट छान आहे असं काकांनी सगळ्यांसमोर म्हणायचं, ही त्याची अट होती.

घाडींना ते दोन दिवस जमलं नाही. तिसऱ्या दिवशी सातही ड्रायव्हर जमले असताना ते म्हणाले, "पोपट नियमात बसत नाही." मग त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि परत ठेवली. "पण दिसायला बरा आहे."

रविवारी गावठाणात दोन टॅक्सी शेजारी शेजारी लागल्या. हर्बर्ट खुर्चीत बसून हुकूम सोडत होता, कॉन्सेप्टा डबा ढवळत होती, सुगंधा दोन्ही टपांकडे बघून "अजून घाला" म्हणत होती, आणि घाडी आयुष्यात पहिल्यांदा ब्रश हातात धरून शिडीवर चढले होते. खाली उतरले तेव्हा त्यांचा एक कान टपापेक्षा जास्त नियमानुसार होता.

दुसऱ्या तपासणीला शीतल मॅडमनी टपाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि रंगात चिकटलेल्या एका माशीवर बोट ठेवलं. घाडी म्हणाले, "माशीबद्दल नियम नाही मॅडम. मी रात्री बघून ठेवलंय." मॅडमनी तोंडावर फाइल धरून सही केली.

महिन्याने हर्बर्टच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्याला दवाखान्यातून घरी आणायला घाडीच टॅक्सी घेऊन गेले. मुलुंडपासून भांडुपपर्यंत हर्बर्ट खिडकीबाहेर डोकं काढून दुकानांच्या पाट्या वाचत होता, आणि दर दहा पाट्यांमागे एकदा म्हणत होता, "सहदेव, थांबव जरा. हा 'क' कुणी काढलाय, विचारून येतो."