विसीबाईंचा बेडूक

विसितासिओन हे भलंमोठं नाव गावात कुणीच पुरतं घेत नसे. मोठी माणसं त्यांना नुसतं विसी म्हणत, शाळेतली मुलं विसीबाई. डोंगरातल्या त्या गावात जवळजवळ प्रत्येक घराच्या माळ्यावर डुकराच्या खारवलेल्या मांड्या वाळत टांगलेल्या असतात. तिथल्या शाळेत त्या इतिहास शिकवत. लग्न केलं नाही. का, हे विचारणारे आता थकले होते.

दर वसंतात शेवटच्या वर्गाला घेऊन त्या सालामांका या जुन्या विद्यापीठाच्या शहरात जात. दोन्ही कॅथेड्रलं, नदीवरचा जुना पूल, मोठ्या चौकातल्या कमानींखाली आईस्क्रीम, हे सगळं व्हायचंच. पण मुलं यायची ती बेडकासाठी. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर राजे, राण्या, ढाली, वेली, चित्रविचित्र जनावरं यांची दगडात नुसती दाटीवाटी आहे, आणि त्या गर्दीत एका कवटीवर इवलासा बेडूक बसलेला आहे. जो विद्यार्थी त्याला आपला आपण शोधतो, तो परीक्षा पास होतो, अशी समजूत. कुणी बोट करून दाखवला तर सगळं फुकट.

विसीबाईंनी यावर एक तोड काढली होती. एखादं पोर शोधून शोधून रडकुंडीला आलं की त्या सावकाश उजव्या खांबाखाली जाऊन उभ्या राहत, चष्मा काढून स्वेटरच्या टोकाने पुसत आणि पुन्हा लावून वर बघत. बोट करायचं नाही की तोंड उघडायचं नाही. पोर त्यांच्या नजरेच्या मागोमाग वर जाई आणि नाचायला लागे. गावचा डॉक्टर, टपालातली बाई, खुद्द महापौर, सगळ्यांचे बेडूक या चष्म्यातून निघालेले. बाईंना त्याचं गुपचूप समाधान होतं.

यंदा वर्गात एल्विरा होती. वर्गात सगळ्यांत हुशार, आणि सगळ्यांत कमी बोलणारी. आई गेलेली, थोरला भाऊ माद्रिदला निघून गेलेला. घरात वडील फेरमिन आणि त्यांचा मांड्या वाळवायचा कारखाना. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं की वडिलांच्या हाताखाली राहायचं, हे तिचं महिनोन् महिने ठरत नव्हतं. सकाळी बसमध्ये तिने बाईंना अगदी सहज सांगितलं होतं, "बेडूक सापडला तर परीक्षेला बसेन. नाही सापडला तर नाही."

"अगं, असं कुणी ठरवतं का?"

"मग कसं ठरवतात, बाई?"

दिवसभर बाईंचं कशातच लक्ष लागेना. कॅथेड्रलच्या दारावर अलीकडच्या दुरुस्तीत गमतीने कोरलेला अंतराळवीर बघून मुलं खिदळत होती, तेव्हाही त्या एल्विराकडेच बघत होत्या.

दुपार कलली आणि भिंतीचा दगड मधासारखा पिवळा झाला. वर्गातल्या गोन्सालोने सगळ्यांत आधी बेडूक शोधला आणि लगेच भाव खायला लागला.

"गप रे, तू काल फोनवर फोटो बघितलास," एक मुलगी म्हणाली.

"फोटोत बघितला, भिंतीवर मी शोधला."

एकेक करत बाकीचे मोकळे झाले. मांस भरलेल्या पावाचे तुकडे खात पायऱ्यांवर बसले. एल्विरा एकटीच मान वर करून उभी राहिली. डावीकडून सुरुवात करून ती ओळ न् ओळ वाचल्यासारखी बघत होती. बस निघायची वेळ झाली. ड्रायव्हर सातुर हाका मारायला स्वतः आला.

आणि बाईंचे पाय उजव्या खांबाकडे वळले. ठरवून नाही, इतक्या वर्षांच्या सवयीने. चष्मा हातात आला, स्वेटरचं टोक हातात आलं.

"बाई, नको," एल्विरा म्हणाली. तिने चेहरा फिरवला होता. "भावाने सांगितलंय मला तुमच्या चष्म्याचं. आता ती बाजू मला बघताच येणार नाही."

बाईंचा हात तसाच राहिला.

"मी अजून तिथपर्यंत पोचलेच नव्हते," एल्विरा म्हणाली. "तुम्हाला वाटलं, मला सापडणारच नाही?"

ज्यांच्यासाठी चष्मा पुसला त्या सगळ्यांना आपण न बोलता नेमकं हेच सांगत आलो, असं बाईंच्या मनात आलं.

"मला भीती वाटली," त्या म्हणाल्या. "तू गावातच राहशील याची."

"मला जाण्याची वाटते. बाबा रात्री एकटे जेवतील."

सातुरने घसा साफ केला. "मी सांगू का, पोरी? मला तो पहिल्या झटक्यात सापडला होता. सगळ्या वर्गात पहिला. आणि बघ, तुमची बस चालवतोय."

"सातुरकाका, तुम्ही परीक्षेलाच बसला नव्हता," गोन्सालो म्हणाला.

"नव्हतोच बसलो. म्हटलं, बेडूक सापडलाय, आता अभ्यास कशाला?"

सगळी हसली. एल्विराही हसली, पण तिने भिंतीकडे पुन्हा पाहिलं नाही. ती बसकडे चालायला लागली. बाई तिच्या मागून.

बसमध्ये ती बाईंच्या शेजारी येऊन बसली. शहर मागे पडलं, ओकची झाडं सुरू झाली. तेव्हा तिने फोन काढून वडिलांना लावला.

"बाबा, जूनमध्ये मला सालामांकाला जायचंय. परीक्षा आहे. नाही, बेडूक नाही सापडला. नाही सापडला म्हणून काय झालं? हो, बसणार आहे. त्या दिवसांत मांड्यांना मीठ चोळायला दुसरं कुणी तरी बघा."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या, पण त्यांचा कान त्या फोनकडे होता.

मग फेरमिनचा खरखरीत आवाज त्यांनाही ऐकू आला. "परीक्षेला सकाळी लवकर पोचावं लागेल. पहिली बस तर उशिरा जाते. मी गाडी काढू का?"