केळफुलाचा काठ आणि तापलेला कॉम्प्युटर

लग्न होऊन मी जळगावकडून सुरतेजवळच्या कडोदऱ्याला आले, तेव्हा आमच्या दोन खोल्यांची एक भिंत थेट कारखान्याला लागून होती. भिंतीपलीकडे दिवसभर साड्या विणणारे लूम खडखडायचे. त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. माहेरी गेले की आई म्हणायची, अगं, मी इथेच बसलेय, ओरडतेस कशाला?

हे त्याच कारखान्यात सुपरवायझर होते. शेठच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा जुना त्यांनी ह्यांना देऊन टाकला, कारण माझी धाकटी नणंद साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायला शिकत होती. रिक्षात तो मांडीवर घेऊन हे घरी आले. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि आतल्या खोलीत, कारखान्याच्या भिंतीशी, टेबलावर बसवला.

नणंदेच्या डोक्यात एक काठ होता. सगळ्या साड्यांवर कोयऱ्या आणि मोर; तिला केळफूल हवं होतं. आमच्याकडच्या केळीच्या बागांत लोंबतं तसं, जांभळं, एक पाकळी उचललेली. माऊसने एकेक चौकोन भरत ती ते काढायची. मी शेजारी बसून रंग सांगायचे. मला कॉम्प्युटरचं काही कळत नव्हतं, पण केळफुलाचं कळत होतं.

केळफूल अर्धं झालं की पडदा काळा. काही सूचना नाही, काही नाही. पुन्हा चालू केला की थोडा वेळ चालायचा आणि पुन्हा बंद.

सुरतेहून एक दुरुस्तीवाला आला. त्याने चहा घेतला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वायरस छे." त्याने आतलं सगळं पुसून पुन्हा भरलं. त्यात केळफूलही गेलं. तो गल्लीच्या टोकाला पोचला नसेल, तोच कॉम्प्युटर बंद पडला. नणंद माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडणार, पण तिला हसू फुटलं, मग मलाही. हसताना आम्ही दोघी टेबलाला धरून खाली बसलो.

"पुसला तरी बंद पडतो म्हणजे वायरस नव्हताच, वहिनी," ती डोळे पुसत म्हणाली.

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्या उठल्या, कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "त्याले ताप येल शे. हात लाई देख."

आम्ही हात लावला. डबा खरंच चांगला तापला होता. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, तेवढ्यात सासूबाई ओलं फडकं घेऊन आल्यासुद्धा. तापावर त्यांचा तोच उपाय होता. नणंदेने त्यांचा हात वरच्यावर धरला आणि मी वायर काढली.

पण ताप हा शब्द आमच्या डोक्यात बसला. मग आठवायला लागलं: सकाळी तो जास्त वेळ टिकतो, दुपारी छपराचा पत्रा तापला की लगेच झोपतो. आम्ही टेबलफॅन आणून त्याच्या तोंडासमोर लावला. केळफुलाच्या दोन पाकळ्या जास्त झाल्या. नणंद दर पाकळीनंतर फ्लॉपीवर साठवत होती. आम्ही घामाने भिजलो होतो आणि कॉम्प्युटर वारा खात होता. हे जेवायला आले, दारात थांबले आणि म्हणाले, "आता त्याला ताक देऊ नका म्हणजे झालं."

तरी तो बंद पडायचाच, फक्त उशिरा. दरम्यान ह्यांनी शेठला डिझाइनचं सांगून ठेवलं होतं, आणि शेठ स्वतः बघायला येणार होते.

ते येणार त्याच्या आदल्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. लूम बंद, घर इतकं शांत की घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. नणंदेने कॉम्प्युटर चालू केला आणि कान टेकवला.

"वहिनी, क्लासमधले सगळे घुर्र करतात. आत पंखा असतो. ह्याचा आवाजच नाही."

इतके दिवस लूमच्या खडखडाटात ते कळायला वावच नव्हता. आम्ही वायर काढली, डबा निवू दिला आणि स्क्रूड्रायव्हर आणला. डब्याचा पत्रा सरकवला आणि दोघी आत वाकलो. आत गादी होती. कारखान्यातून उडणारा धाग्याचा रुवा थरावर थर बसून जाड नमदा झाला होता. वर गुलाबी, खाली पोपटी, त्याखाली जांभळा. इवलासा पंखा त्यात पार गुंतून गेला होता, आणि त्याच्याखालचा, उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा दिसतही नव्हता.

ह्यांनी तो थर बोटांत धरून उजेडात पाहिला. "गुलाबी आत्ताचा," ते गंभीरपणे म्हणाले. "पोपटी दिवाळीचा माल. जांभळा त्याच्या आधीचा."

सासूबाईंनी विचारलं, ह्यात उशी होईल का, आणि पुन्हा आमचं हसू सुटलं. मी ब्रशने रुवा काढायचे, नणंद केसांतल्या आकड्याने पंख्याभोवतीचे धागे सोडवायची, आणि हसू आलं की दोघी तोंड फिरवायचो, कारण फुंकर लागली की रुवा नाकात जायचा. शेवटी तिने बोटाने पंखा ढकलला. तो फिरला, आणि फिरतच राहिला.

पत्रा बसवून चालू केला तर घुर्र आलं. इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता. जेवणं तिथेच, ताटं मांडीवर घेऊन झाली. संध्याकाळपर्यंत केळफूल पुरं झालं आणि कॉम्प्युटर एकदाही झोपला नाही. नणंदेने मला उठवून गरागरा फुगडी घातली, मग सासूबाईंनाही ओढलं. हे पलंगावर चढून बसले, कारण खोलीत जागाच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. पडद्याकडे वाकून बराच वेळ बघत राहिले.

"आ शुं छे? नारियेळ?"

"केळनुं फूल," नणंद म्हणाली.

"सारुं छे," शेठ म्हणाले, "पण हे कोण ओळखणार?" तरी त्यांनी थोडा माल काढून बघायचं ठरवलं.

पुढे काही महिन्यांनी आम्ही दोघी सुरतेच्या बाजारात गेलो होतो. गर्दीत नणंदेने माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली. समोर एक बाई चालली होती आणि तिच्या पदराच्या काठावर आमची केळफुलं होती. आम्ही तिच्या मागे निघालो. ती वांग्याच्या गाडीशी थांबली, आम्हीही थांबलो. ती वळली, आम्ही वळलो. शेवटी तिने मागे बघून विचारलं, "शुं छे?"

नणंदेने मला कोपराने ढोसलं. मीच म्हणाले, "साडी बहु सरस छे."

बाई खुलली. काठ बोटांवर घेऊन म्हणाली, नवी फॅशन आहे, कमळाची. आम्ही दोघींनी मान डोलावली आणि पुढच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत कसंबसं हसू दाबून धरलं.